फोटोचा सातबारा

जमीन ठोक्याने द्यायची झाली की आपल्याकडे पाडव्याआधी दोन-तीन बैठका होतात. किती एकर, किती वर्षं, विहिरीचं पाणी कुणाचं, बांधावरचा आंबा कोण उतरवणार, पैसे आधी की सुगीवर, सगळं बोलून घेतात. मुदत संपली की रान मोकळं करून परत द्यायचं. सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. हाच व्यवहारी माणूस कॅमेरा घेऊन बसला आणि त्याच्या फोटोला गिऱ्हाईक आलं, की एका फोनवर सौदा उरकतो: "हजार द्या न् फोटो घ्या." कशावर छापणार, किती प्रती, किती दिवस, कुठल्या भागात, काही विचारत नाही. रान दिलं, विहीर दिली, आंबाही दिला.

फोटोलाही सातबारा असतो, त्याचं नाव कॉपीराइट. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती धरली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिच्यावरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. आज परभणीच्या रानात काढलेला कापूसवेचणीचा फोटो उद्या नातवंडांना पैसे देऊ शकतो. स्टॉक फोटोच्या धंद्यात, म्हणजे आधीच काढलेले फोटो वेबसाइटवर ठेवून लागेल त्याला वापरायला देण्याच्या धंद्यात, हा सातबारा हलत नाही. तिथे विकली जाते ती वापरायची परवानगी, म्हणजे लायसन्स. म्हणून "या फोटोचा दर काय?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशाचा दर, हे आधी ठरायला हवं.

शटरस्टॉक, अ‍ॅडोबी स्टॉक, आयस्टॉक या मोठ्या वेबसाइटवर दर तुम्ही ठरवत नाही, ही गोष्ट नव्या माणसाला उशिरा कळते. मोंढ्यात अडत्याकडे माल टाकला की पुकारा तिथला, भाव तिथला, अडत कापून पट्टी हातात. इथेही तसंच. तुमच्या हातात उरतं ते इतकंच, की कुठला माल कुठल्या मोंढ्यात न्यायचा आणि कुठल्या कागदांसकट न्यायचा. फोटोची किंमत ठरवणं म्हणतात ते या दोन निर्णयांतच होतं.

पहिला मोंढा रॉयल्टी-फ्रीचा. या शब्दाने हमखास घोळ होतो. यातलं 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे. गिऱ्हाइकाने एकदा पैसे भरले की पुढच्या प्रत्येक वापरासाठी वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकच फोटो एकाच वेळी हजार जण घेऊ शकतात आणि मुदत नसते. मर्यादा असतात, पण सैल. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉकच्या साध्या लायसन्सवर छापील प्रती ५ लाखांपर्यंत चालतात. त्यापुढे, किंवा टी-शर्ट, मग, कॅलेंडर असं फोटोच्या जोरावर खपणारं काही बनवून विकायचं असेल, तर वरचं, म्हणजे विस्तारित, लायसन्स घ्यावं लागतं.

आता पट्टी बघा. शटरस्टॉकने जून २०२० मध्ये हिशेब बदलला. तेव्हापासून तुमचे सगळे फोटो मिळून वर्षात किती डाउनलोड झाले यावर सहा पायऱ्या आहेत आणि तुमचा वाटा १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत. पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के, १०१ ते २५० पर्यंत २० टक्के, २५१ ते ५०० पर्यंत २५ टक्के, अशी चढण. ४० टक्क्यांसाठी वर्षात २५ हजारांहून जास्त डाउनलोड लागतात. खरी मेख पुढे आहे: दर १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर. डिसेंबरात तिसऱ्या पायरीवर असलेला माणूस जानेवारीत पुन्हा १५ टक्क्यांवर येतो. मोठी मासिक वर्गणी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला एक फोटो पाव डॉलरच्या आसपास पडला, तर त्याचे १५ टक्के म्हणजे ४ सेंटसुद्धा भरत नाहीत. म्हणून किमान १० सेंटची हमी ठेवली आहे. १० सेंट म्हणजे आठ-नऊ रुपये. मोंढ्यातल्या हॉटेलात तेवढ्यात चहा येत नाही.

अ‍ॅडोबी स्टॉक फोटोला सरळ ३३ टक्के देतं, पायऱ्यांची भानगड नाही. वर्गणीतल्या डाउनलोडला साधारण ३३ सेंटपासून सुरुवात, आणि कुणी ७९.९९ डॉलरचं विस्तारित लायसन्स घेतलं तर २६ डॉलरच्या वर हातात पडतात. आयस्टॉकवर सगळ्यांसाठी १५ टक्के. फक्त त्यांच्याकडेच माल द्यायचं कबूल केलं तर २५ ते ४५ टक्के. पण ते बांधून घेणं एका फोटोपुरतं नसतं. तुमचा रॉयल्टी-फ्रीचा सगळाच फोटोमाल त्यांच्या दावणीला जातो. सही करायच्या आधी हे वाक्य दोनदा वाचावं.

असल्या आकड्यांनी नाराज होऊन बरेच जण सगळंच सोडून देतात. तेही बरोबर नाही. रॉयल्टी-फ्री हा घाऊक धंदा आहे आणि घाऊक मालालाच तो परवडतो. पांढऱ्या पाटीवर हळदीची पूड आणि शेजारी ओल्या हळदीचं कांड, सोयाबीनच्या शेंगेचा जवळून फोटो, ठिबकच्या नळीतून पडणारा थेंब, भेगाळलेली काळी जमीन, स्टीलच्या डब्यातली तूरडाळ. यात माणूस नाही, जागा ओळखू येत नाही, ब्रँड नाही. जगात कुठेही, कशालाही लागतात. दहा वर्षं हळूहळू खपतात. वसमतची हळद असो की लातूरची तूर, असा फोटो घरच्या खिडकीपाशी, एका पांढऱ्या कार्डबोर्डवर, दुपारी चार वाजता निघतो. त्यावर खर्च नाही, म्हणून १० सेंटही चालतात. मात्र हिशेब दर डाउनलोडवर करू नका, दर फाइलमागे वर्षाला काय आलं यावर करा. ३०० फाइलींवर वर्षात ६० डॉलर आले असतील तर एका फाइलमागे २० सेंट. मग ज्या फोटोसाठी गाडी करून ८० किलोमीटर जावं लागलं, तो या मोंढ्याचा माल नव्हे, हे कुणी सांगावं लागत नाही.

दुसरा मोंढा राइट्स-मॅनेज्डचा. यात दर वापरावर ठरतो: कशासाठी, किती मोठा, किती प्रती, कुठल्या देशात, किती काळ. हुबेहूब ठोक्याचा करार. पूर्वी मोठ्या एजन्सींचा सगळा धंदा यावर चालायचा. गेटी या मोठ्या एजन्सीने २०२० च्या सुरुवातीला जाहिरातीसाठीच्या फोटोंमधून हा प्रकार काढून टाकला आणि तो मुख्यतः बातम्यांच्या फोटोंपुरता उरला. सामान्य माणसाला त्यातल्या त्यात दार उघडं आहे ते अलामी या वेबसाइटचं. तिथे प्रत्येक फोटोला कुठलं लायसन्स ते तुम्ही निवडता. नियम एकच, पण कडक: राइट्स-मॅनेज्ड म्हणून दिलेला फोटो दुसरीकडे रॉयल्टी-फ्री म्हणून ठेवायचा नाही. कारण साधं आहे. राइट्स-मॅनेज्डचं गिऱ्हाईक विचारतं, "हा फोटो याआधी कुठे लागलाय?" रॉयल्टी-फ्रीत गेलेल्या फोटोचं उत्तर देवालाही माहीत नसतं. काढून टाकला तरी ज्यांनी उतरवून घेतला त्यांचं लायसन्स शाबूत राहतं. दहा सेंटला एकदा गेलेला फोटो पुढे कुणालाही 'तुमच्या एकट्याचा' म्हणून देता येत नाही. निर्णय अपलोडचं बटण दाबायच्या आधी घ्यायचा, तो यासाठी.

अलामीचेही काटे आहेत. वर्षाची विक्री २५० डॉलरच्या वर गेली तर वाटा ४० टक्के, खाली राहिली तर २०. फाइल उघडल्यावर किमान १७ एमबी लागते. लोक जेपीईजीचा आकार बघतात आणि "माझी तर ५ एमबीच आहे" म्हणून घाबरतात. तो आकार दाबलेला असतो. इथे मोजतात तो मोकळा आकार, म्हणजे साधारण ६० लाख पिक्सेल. आजचा कुठलाही कॅमेरा तेवढं देतो. पण तिरपं झालेलं क्षितिज सरळ करताना आणि चारी बाजूंनी कापताना आकडा खाली येतो, तो बघावा. तपासणीत एक फोटो नापास झाला की त्याच्यासोबतची सगळी खेप परत येते. म्हणून ४० फोटो एकदम पाठवायचा हावरटपणा नको. पाच-पाच पाठवा, प्रत्येक १०० टक्के मोठा करून डोळ्यांवरचा फोकस आणि आभाळातले सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके बघा. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे रानात लेन्स बदलली की ठिपके येतातच. लेन्सचं छिद्र लहान असताना, एफ-१६ ला, ते निळ्या आभाळात स्पष्ट दिसतात; छिद्र मोठं असताना, एफ-४ ला, लपतात.

मग या मोंढ्यात न्यायचं काय? वेरूळचं कैलास लेणं नाही. जगभरच्या पर्यटकांनी ते समोरून, वरून, पावसात, उन्हात काढून ठेवलंय. बीबी का मकबऱ्याचं पाण्यातलं प्रतिबिंब तर विचारूच नका. माल उत्तम, पण आवक इतकी की भाव पडलेला. स्वतः एकदा शोधून बघा आणि मग 'तुरीचं खळं', 'ऊसतोड मजुरांची कोपी', 'मोंढ्यातला मापाडी', 'बारदान्याला टाके घालणारा हमाल' यांचे इंग्रजी शब्द टाकून शोधा. आपल्या डोळ्यांना रोजचं म्हणून नकोसं झालेलं दृश्य परदेशातल्या पाठ्यपुस्तकाला, कृषी अहवालाला, एखाद्या साप्ताहिकाला नेमकं हवं असतं आणि सापडत नाही. कोयत्यावर निघालेल्या जोड्या, पहाटे बैलगाडीत भरलेला संसार, कारखान्याच्या वजनकाट्यापुढची रांग. आवक कमी, गरज नेमकी. असा फोटो वर्षात एकदाच गेला तरी चालतो, कारण तो एकदाच पण पुस्तकाच्या पानासाठी जातो.

नाव द्यायची एक खास आपल्याकडची अडचण आहे. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. परदेशातलं गिऱ्हाईक मात्र अजून औरंगाबादच शोधतं, आणि औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे. म्हणून कीवर्डमध्ये, म्हणजे फोटोला जोडायच्या शोधशब्दांत, दोन्ही नावं, सोबत महाराष्ट्र, मराठवाडा, भारत. अ‍ॅडोबीला ४९ कीवर्ड चालतात, पण पहिल्या दहांचं वजन जास्त. तिथे गावाचं नाव घालवू नये. 'कापूस', 'वेचणी', 'महिला शेतकरी', 'हात', 'शेत' यांचे इंग्रजी प्रतिशब्द वर, गाव-तालुका खाली. शटरस्टॉक ५० घेतं. आकडा भरायचा म्हणून 'आनंद', 'सुंदर', 'संस्कृती' ठोकून दिले की फोटो नको त्या शोधात वर येतो, कुणी दाबत नाही आणि घसरतो.

आता कागदाकडे येऊ. पैसा सगळ्यात जास्त इथेच अडतो.

एकच फोटो घ्या. नोव्हेंबर संपत आलेला, दुसरी वेचणी, ऊन कलतीला. एक बाई कमरेला ओटी बांधून वाकलीय, एका हातात फुटलेलं बोंड, चेहरा कॅमेऱ्याकडे अर्धा वळलेला. ओटीत जेमतेम दोन-अडीच किलो कापूस. मागे बांधावर ट्रॅक्टर उभा. या फोटोचे दोन भाव आहेत. तिची सही असलेलं मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायची लेखी संमती, असेल तर तो बँकेच्या, बियाण्याच्या, कपड्याच्या जाहिरातीत जाऊ शकतो. नसेल तर फक्त संपादकीय वापर, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक. जाहिरातीचं दार बंद. चेहरा दिसत नाही म्हणून सुटका होते असंही नाही. हातावरचं गोंदण, पाटल्या, घराची चौकट यावरून माणूस स्वतःला ओळखू शकत असेल तर एजन्सी रिलीज मागते. आणि तो मागचा ट्रॅक्टर! बॉनेटवरचं कंपनीचं नाव पुसलं तरी रंग आणि बांधणी बोलते. बांधावर पडलेली खताची पिशवी, पाठीवरच्या फवारणी पंपावरची अक्षरं, पायातल्या चपलेवरचा शिक्का, हे सगळं व्यावसायिक लायसन्सला नापास करतं. घरी बसून तासभर ते संगणकावर पुसत बसण्यापेक्षा दोन पावलं डावीकडे सरकून फोटो काढावा.

रिलीजच्या कागदावर मॉडेलचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो काढल्याची तारीख, तिची सही, तुमची सही आणि तिसऱ्या माणसाची साक्ष लागते. मूल असेल तर आई किंवा वडिलांची सही. साक्षीदार म्हणून स्वतःचंच नाव टाकणं आणि तारीख फाइलमधल्या तारखेशी न जुळणं, या दोन चुकांनी रिलीज परत येतात. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं आणि वेचणी जानेवारी २०१५ ची होऊन बसते. सकाळी निघताना तेवढं बघावं.

कागद इंग्रजीत असतो आणि त्यात लिहिलेलं खूप मोठं असतं. ते मराठीत सांगितल्याशिवाय सही घेणं म्हणजे फसवणूकच. काय सांगायचं? "मावशी, हा फोटो मी परदेशातल्या वेबसाइटवर ठेवणार. कोण घेईल, कुठं लावील, मला ठाऊक नसणार. खताच्या जाहिरातीत लागंल, बँकेच्या लागंल. एकदा गेला की मला परत आणता येणार नाही." यावर ती विचारते, "पोरीच्या सासरच्यांनी पाहिला तर?" हा प्रश्न आला की कागद पुढे सरकवू नका. फोटो संपादकीयमध्ये टाका किंवा टाकूच नका. आजारपण, कर्ज, व्यसन अशा नाजूक विषयांत मॉडेलचा फोटो तिचीच हकीगत आहे असा लावायला एजन्सींची लायसन्स मनाई करतात. पण मनाई मोडली गेल्याचं कळायला ती बाई तो कागद बघणार कुठे? आणि संपादकीय फोटोवर आत्महत्येच्या बातमीचा मथळा लागू शकतो, हेही लक्षात असू द्या. मोबदल्याचं म्हणाल तर वेचणीची मजुरी किलोवर असते. तुमच्यापुढे अर्धा तास उभी राहिली म्हणजे तिचे तेवढे किलो बुडाले. किमान एक दिवसाची पूर्ण मजुरी सही व्हायच्या आधी द्यावी, सहीवर अवलंबून ठेवू नये. कोपीवरच्या पोरांचे फोटो जाहिरातीच्या लायसन्सला देऊच नयेत, बापाची सही असली तरी. उचल घेतलेल्या बापाची सही कितपत मोकळी असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

संपादकीय फोटोची ओळ ठरलेल्या साच्यात लागते: गाव, राज्य किंवा देश, महिना-तारीख-साल, मग काय चाललंय ते एका वाक्यात, तेही साधं. 'पैठण, महाराष्ट्र, भारत', पुढे तारीख, आणि 'नाथषष्ठीच्या यात्रेत गोदावरीत स्नान करणारे वारकरी'. 'भक्तीत न्हालेला महासागर' चालत नाही. या फोटोत फेरफारही चालत नाही. उजेड-रंग जरा सावरा, कडा कापा, पण विजेची तार पुसलीत तर तो संपादकीय राहत नाही.

लेण्यांबद्दल थोडक्यात. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही. ट्रायपॉड आणि व्यावसायिक चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने इमारतीचा, आणि सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढणं हा भंग ठरत नाही. पण खात्याची परवानगी ही वेगळी बाब आहे. दोन्हींची गल्लत करू नये. ड्रोनचंही तेच. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅम ते २ किलोच्या ड्रोनला हौसेपुरतं पायलट प्रमाणपत्र लागत नाही, विकायच्या फोटोसाठी लागतं.

तिसरा मोंढा म्हणजे थेट गिऱ्हाईक. यात अडत नाही आणि भाव तुमचा, म्हणून चुकाही सगळ्या तुमच्या. समजा जालन्याकडच्या एखाद्या बियाणे कंपनीला पाकिटावर बोंडाचा फोटो हवाय. "काय घ्याल?" म्हटल्यावर आकडा तोंडातून काढायचा नाही. आधी विचारायचं: पाकिटं किती? राज्यं कुठली? किती हंगाम? वेबसाइट, फ्लेक्स, गाड्यांवरही का? दुसऱ्या बियाणेवाल्याला तोच फोटो मी द्यायचा की नाही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महाग. हिशेबाला एक पाया धरा: १०,००० पत्रकं, एक जिल्हा, एक हंगाम, याला समजा ३,००० रुपये. प्रती दोन लाख झाल्या की दुप्पट, राज्यं दोनाची पाच झाली की आणखी निम्मे, दोन हंगाम म्हणजे परत वाढ, आणि 'दुसऱ्याला द्यायचा नाही' असेल तर सगळ्याच्या तिप्पट. आकडे तुमचे तुम्ही बसवा, पण पायऱ्या ठेवा. मग घासाघीस सुरू झाली की उत्तर तयार असतं. "साहेब, परवडत नाही" म्हटलं की भाव उतरवायचा नाही, हक्क उतरवायचे. पाच राज्यांऐवजी दोन, दोन हंगामांऐवजी एक. आठ एकरांचा ठोका महाग वाटतो तर पाच एकर करा, एकरी भाव तोच.

कागद अर्ध्या पानाचा पुरतो. "सोबतचा फोटो, फाइल क्रमांक अमुक, कापूस बियाण्याच्या पाकिटावर, दोन लाख प्रतींपर्यंत, महाराष्ट्र व तेलंगणात, १ जून २०२६ ते ३१ मे २०२८ या काळात वापरण्याची परवानगी. इतर वापरासाठी वेगळी परवानगी घ्यावी. कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील." खाली रक्कम आणि दोन सह्या. मुदत लिहायची राहिली तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहायचा राहिला तर अख्खा भारत. कलम १९ मध्ये तसं आहे आणि कलम ३० अ ने ते लायसन्सलाही लागू होतं. म्हणजे मोकळी सोडलेली जागा तुमच्या विरोधात भरली जाते.

सातबारा तुमचा नसतो, अशाही जागा आहेत आणि आपल्याकडचे स्टुडिओवाले तिथे फसतात. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ नुसार पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे दौलताबादच्या पायथ्याशी काढलेलं प्री-वेडिंग कितीही देखणं असलं तरी ते स्टॉकवर टाकायचा हक्क स्टुडिओला नाही. बुकिंगच्या पावतीवर आधीच एक ओळ लिहून सही घ्यायला हवी. वर्तमानपत्रात पगारावर असलेल्या छायाचित्रकाराचं उलटं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. वृत्तपत्रातल्या प्रसिद्धीपुरता हक्क मालकाचा, बाकी सर्व बाबतींत फोटो काढणाऱ्याचा, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या निगेटिव्ह लातूर-धाराशिवच्या किती कपाटांत पडून असतील. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीच्या, १० टाक्यांत ५ लाख लिटरच्या, फाइली कुठल्या जुन्या हार्डडिस्कवर असतील. नेमणुकीचं पत्र काढून वाचा. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केली तरी ७७ लाख पिक्सेल मिळतात, अलामीच्या १७ एमबीला ते पुरतात. काळी-पांढरी असली तरी आरजीबीमध्ये, म्हणजे रंगीत फाइलच्या साच्यात, ठेवा, ग्रेस्केलमध्ये आकार एक तृतीयांश होतो.

"दादा, फोटो पाठवा ना, खाली नाव टाकतो तुमचं" या मागणीला लहान फाइल द्या, लांब बाजू १,००० पिक्सेल. वाढदिवसाच्या फ्लेक्सला ती पुरत नाही. फाइलीत आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोच्या आतच साठणाऱ्या माहितीच्या, रकान्यांत नाव, हक्काची ओळ आणि लायसन्स मिळण्याचा पत्ता भरून ठेवा. २०२० पासून गूगलच्या चित्रशोधात अशा फोटोवर लायसन्स मिळेल अशी खूण दिसते. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या फोटोत मात्र हे रकाने पुसले जातात. गिऱ्हाइकाला ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक द्यावी.

परदेशी वेबसाइटचे पैसे येताना डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी करफॉर्म भरा. न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, भरल्यास भारत-अमेरिका करारानुसार १५. सही केल्यापासून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो मावळतो आणि कपात गुपचूप परत ३० वर जाते. कापलेल्या कराची वजावट इथल्या विवरणपत्रात मागता येते. त्यासाठी सीएला वर्षाअखेरीआधी सांगावं.

एआयबद्दल विचारलंच जाईल. हळदीची वाटी, भेगाळलेली जमीन, हसरा शेतकरी आता यंत्र बनवून देतं, आणि ते शिकलंय अशाच स्टॉकच्या फोटोंवर. अ‍ॅडोबीने फायरफ्लाय या आपल्या चित्रं बनवणाऱ्या एआयसाठी २०२३ मध्ये फोटो देणाऱ्यांना बोनस दिला, शटरस्टॉकने सेटिंगमध्ये नकाराचं बटण ठेवलंय. घाऊक मालाचा भाव यापुढे आणखी पडेल असं धरूनच चाला. तारीख, गाव आणि खरा माणूस असलेला फोटो यंत्राला देता येत नाही.

थेट विक्रीसाठी एक वही ठेवा. रकाने सहाच: फाइल क्रमांक, कुणाला, कशासाठी, कुठे, रक्कम, मुदत कधी संपते. शेवटच्या रकान्यातल्या तारखेच्या एक महिना आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा. तिसऱ्या हंगामात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर त्याच बोंडाचं नवं पाकीट दिसलं, तर एक विकत घ्या, मागच्या छपाईच्या तारखेचा फोटो काढा, पक्की पावती मागून घ्या आणि नूतनीकरणाचं बिल पाठवा.